भाषण गाजलं, इतिवृत्तात एकच ओळ

माझी पहिली जनसुनावणी औष्णिक वीज प्रकल्पाची होती. माझा नंबर आला आणि मी पोटतिडकीने बोललो. नदी, पुढच्या पिढ्या, तापत चाललेली पृथ्वी, काही म्हणून सोडलं नाही. टाळ्या पडल्या, मागून शिट्ट्याही आल्या. खाली उतरल्यावर चौघांनी पाठ थोपटली आणि आम्ही घोषणा देतच मंडपाबाहेर पडलो.

पुढे इतिवृत्त हाती आलं तेव्हा अधाशासारखं स्वतःचं नाव शोधलं. माझ्या पंधरा मिनिटांची तिथे एक ओळ झाली होती: पाण्याबाबत चिंता व्यक्त केली. समोरच्या रकान्यात प्रकल्पाचं उत्तर: योग्य ती काळजी घेतली जाईल.

दोन पानं पुढे एका वयस्कर शेतकरी बाईंचा प्रश्न मात्र शब्दन् शब्द उतरवलेला होता. 'तुम्ही नदीचं पाणी वर्षाच्या सरासरीने धरलंय. मार्चनंतर नदीत पाणी नसतं. ते तीन महिने तुम्ही पाणी कुठून उचलणार?' याला 'काळजी घेऊ' हे उत्तर बसत नाही. तिथे 'तपशील नंतर सादर करू' असं लिहावं लागलं होतं. त्या आजी दोन मिनिटंसुद्धा बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना टाळ्याही पडल्या नव्हत्या.

ऊर्जा प्रकल्प, पाणी, हवामान या कामात येऊ पाहणारी मुलंमुली मला विचारतात की सुरुवात कुठून करायची. मी हा किस्सा सांगतो आणि त्यानंतर नियम वाचायला लावतो. सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत जनसुनावणीची पद्धत दिली आहे. किमान 30 दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण. आणि शेवटी, लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा त्याच दिवशी, तिथेच, लोकांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचा आणि मग त्यावर सही व्हायची. म्हणजे ती एक ओळ मला तिथल्या तिथे उठून दुरुस्त करून घेता आली असती. पण वाचन झालं असेल तेव्हा आम्ही रस्त्यावर एकमेकांना शाबासकी देत होतो. तेव्हापासून मंडप रिकामा होईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. बोलायचं ते आधीच लेखी काढतो, दोन प्रती नेतो आणि एकीवर पोच घेतो.

आता अहवाल. ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल, म्हटलं की शेकडो पानांचा गठ्ठा पाहून नवखा माणूस दडपतो. सारांश वाचून गठ्ठा मिटवू नका. सारांश लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. मी उलटीकडून, परिशिष्टांपासून सुरू करतो. नमुने कोणत्या तारखांना घेतले? एकाच हंगामाचे आहेत का? पाण्याचे नमुने ज्या विहिरींतले, त्या प्रकल्पाच्या उताराला आहेत की चढाला? चढावरची विहीर राखेच्या तलावाने (जळलेल्या कोळशाची राख पाण्यासोबत जिथे सोडतात तो) सहसा बिघडत नाही, त्यामुळे तिचा अहवाल कायम गोजिरा येतो. मग पाण्याच्या ताळेबंदाची आकृती: किती आत, किती वाफ होऊन वर, किती बाहेर. बेरीज स्वतः करा. लाजू नका, चुकलेली बेरीज मला एकदा सापडली आहे. दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकल्पाचं नाव मधल्या परिच्छेदात तसंच राहून गेलेलंही सापडलं आहे.

बेरजेआधी एकक मात्र पक्कं हवं. मेगावॉट ही क्षमता, मेगावॉट-तास ही प्रत्यक्ष तयार झालेली वीज. एका बैठकीत मी या दोहोंची गल्लत केली आणि समोरच्या अभियंत्याने माझे पुढचे सगळे मुद्दे हसण्यावारी नेले. त्यातला निम्मा भाग खरा होता, पण त्या दिवशी त्याला किंमत उरली नाही.

डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर मर्यादा घातली. आधीपासून असलेल्या, शीतन मनोरे (गरम झालेलं पाणी थंड करणारे उंच मनोरे) वापरणाऱ्या केंद्रांसाठी ती मेगावॉट-तासाला 3.5 घनमीटर आहे. आपण सोपा हिशेब म्हणून 3 धरू. 1000 मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने दिवसभर चाललं तर 24,000 मेगावॉट-तास वीज, म्हणजे 72,000 घनमीटर पाणी. हेच 7 कोटी 20 लाख लिटर. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर धरले आहेत. त्या मापाने हे तेरा लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. हा हिशेब फळ्यावर मांडला की घोषणेची गरज उरत नाही. शिवाय 'पाणी उचललं' आणि 'पाणी संपलं' यांतला फरकही सांगायला हवा. शीतन मनोऱ्यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं, ते नदीत परत येत नाही. एकदाच फिरवून परत सोडण्याच्या पद्धतीत पाणी कितीतरी पट जास्त उचललं जातं आणि त्यातलं बहुतेक परत येतं, पण गरम होऊन.

हवामानबदलाचं काय, असं विचाराल. मी भाषणात तापमानवाढीच्या अंशांपासून सुरुवात करणं सोडलं. त्याऐवजी घडलेलं सांगतो. परळीचं औष्णिक केंद्र 2013 मध्ये दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. मार्च 2016 मध्ये गंगेकाठच्या फरक्का केंद्राचीही पाण्यावाचून तीच गत झाली. दुष्काळात उकाडा वाढतो, विजेची मागणी चढते आणि नेमकं तेव्हाच केंद्राला पाणी मिळत नाही. प्रकल्पाचं आयुष्य 25-30 वर्षांचं असतं आणि अहवालातला पाऊस मात्र मागच्या वर्षांचा. पुढच्या वर्षांचा पाऊस कोणता धरलात, एवढं विचारलं तरी हवामानबदलाचा विषय आपोआप टेबलावर येतो.

या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे शंभर पानी वही. प्रकल्प यायच्या आधी पाणी किती खोल होतं आणि चवीला कसं होतं, याची नोंद कोणाकडेच नसते. पुढे विहीर आटली की 'ती आधीपासूनच आटत होती' असं सहज म्हणता येतं. केंद्रीय भूजल मंडळ निवडक विहिरी वर्षातून चारदा मोजतं. तुमच्या शिवारातली विहीर त्यात असेलच असं नाही. म्हणून आपणच मोजायचं. टेपच्या टोकाला वजन बांधा. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. दोघांनी मिळून वाचायचं, दोघांनी सही करायची. पाण्यातल्या क्षारांचं छोटं मीटर मिळालं तर उत्तमच.

ही खुणेची अक्कल मला फुकट आलेली नाही. एका विहिरीचं पाणी सहा महिन्यांत एकदम हातभर खाली गेलेलं दिसलं. आम्ही पत्रक काढलं, निवेदन दिलं. विहीरमालक शांतपणे म्हणाले, 'अहो, मधे आम्ही कठडा वाढवला ना.' पाणी होतं तिथेच होतं, काठ वर गेला होता. ते निवेदन मागे घेताना जी लाज वाटली, तिने मला दहा प्रशिक्षणांएवढं शिकवलं. चुकलेली पानं मी फाडली नाहीत. वर लाल शाईने कारण लिहून ठेवलं. पुढे एका सुनावणीत वहीवर शंका घेतली गेली तेव्हा आमच्या वकीलबाईंनी तीच लाल शाईची पानं आधी उघडून दाखवली.

मंजुरी मिळाली म्हणजे संपलं, असं समजून बरेच जण घरी जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात मंजुरीविरुद्ध अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी 60 पर्यंत. मंजुरीच्या पत्राची तारीख ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी दिनदर्शिकेवर गोल करा. मंजुरीतल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात मागा. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' लिहू नका, अमुक कालावधीचा अमुक अहवाल असं नेमकं लिहा.

सौर प्रकल्पांना 2006 च्या त्या अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. कोळशाला विरोध करून सौरऊर्जेची बाजू घेणाऱ्या आम्हा लोकांना हे बोलणं गैरसोयीचं वाटतं, पण सौर प्रकल्पात जमीन आणि चराई गेलेल्यांना तसं सांगून चालत नाही. तिथेही वही घेऊन बसावंच लागतं. आणि प्रकल्पात नोकरी मिळेल म्हणून बाजूने उभा राहिलेला पोरगा तुमचा शत्रू नाही. सुरुवातीला मी अशांना दलाल म्हणायचो. त्यातल्या एकाने पुढे आम्हाला राखेच्या तलावाची गळती दाखवली.

पोटापाण्याचं स्पष्टच सांगतो. केवळ कार्यकर्ता म्हणून पगार क्वचित मिळतो आणि मिळाला तर प्रकल्पनिधी संपेपर्यंत. हातात एक कसब असू द्या: भूजलशास्त्र, कायदा, नकाशे, भाषांतर. हिशेबनीस तर प्रत्येक संघटनेला हवा असतो आणि कुणालाच तो व्हायचं नसतं. अहवालांचं सोप्या मराठीत भाषांतर करणाऱ्यांचा तर दुष्काळच आहे.

आमची वही आता चौथी आहे. विहिरी अकरा झाल्यात, त्यातल्या सात शाळेतल्या मुली मोजतात. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीने मला दोन वर्षांपूर्वीची माझी नोंद दाखवून विचारलं, 'काका, इथे दुसरी सही कुणाची आहे?' त्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. तिने लाल पेन पुढे केलं.