स्टारफील्ड घ्यावा का? खेळाडूंची मतं वाचण्याची आणि ताडून पाहण्याची पद्धत

अंतराळात घडणाऱ्या स्टारफील्ड या गेमच्या स्टीम (पीसी गेमांचं ऑनलाइन दुकान) पानावर शंभर-दीडशे तास खेळलेले लोक अंगठा खाली दाखवतात आणि चार तास खेळलेले वर. यात खोटं कुणीच बोलत नाही. बेथेस्डाचा हा गेम ६ सप्टेंबर २०२३ रोजी आला आणि पुढच्या वर्षभरात त्यात इतकी भर पडली की पहिल्या आठवड्यातला खेळाडू आणि आजचा खेळाडू दोन वेगळ्या गेमांबद्दल बोलत असतात. म्हणून पानावर दिसणारी पसंतीची टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मताला चार प्रश्न विचारा. ते कधीचं आहे? कुठल्या मशीनवरचं? किती तासांनंतरचं? आणि लिहिणाऱ्याला मुळात हवं काय होतं? सायबरपंक २०७७ किंवा मास इफेक्ट या गेमांनाही हीच चाळणी चालते, पण मतं फाटलेली असणं म्हणजे काय, हे पाहायला स्टारफील्डसारखा नमुना नाही.

आधी तारीख

स्टीमवर रिव्ह्यूंच्या दोन ओळी असतात, एक आजवरच्या सगळ्यांची आणि एक गेल्या ३० दिवसांची. 'मिक्स्ड' या शिक्क्याचा अर्थ इतकाच की १०० पैकी साधारण ४० ते ६९ जणांनी अंगठा वर केला. सत्तरच्या पुढे 'मोस्टली पॉझिटिव्ह', ऐंशीच्या पुढे 'व्हेरी पॉझिटिव्ह'. दोन ओळींत मोठी तफावत दिसली तर खालचा आलेख उघडा. त्यातल्या कुठल्याही महिन्याच्या दांडीवर क्लिक केलं की फक्त त्या काळातले रिव्ह्यू समोर येतात. एखाद्या महिन्यात लाल दांडी अचानक ताडमाड दिसली, तर त्या महिन्यात काय घडलं ते आधी शोधा. किंमत वाढली, जाचक अट लादली, किंवा गेमशी संबंध नसलेल्या भांडणातून लोक तुटून पडले, असंही असतं. अशा विषयाबाहेरच्या हल्ल्याचा काळ स्टीम मार्च २०१९ पासून गुणांतून वगळू शकतं, पण ते रिव्ह्यू पानावर राहतात.

आता स्टारफील्डचं कॅलेंडर. हे हाताशी असलं की निम्मे रिव्ह्यू वाचायची गरज उरत नाही.

— डीएलएसएस (एनव्हिडियाचं गेमचा वेग वाढवणारं तंत्र) नाही ही तक्रार: नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिकृत सोय आली. त्याआधीच्या एनव्हिडिया कार्डवाल्यांचे एफपीएसचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) आकडे आज कामाचे नाहीत.

— शहरात नकाशा नाही, दुकान सापडत नाही: मे २०२४ च्या अपडेटमध्ये जमिनीवरचे तपशीलवार नकाशे आले. त्याच अपडेटमध्ये किती वजन उचलता येईल, दुकानदाराकडे किती क्रेडिट असतील, हे स्वतः ठरवायची सेटिंग आली. सोपं केलंत तर अनुभवाचे गुण कमी मिळतात, कठीण केलंत तर जास्त.

— मॉड (खेळाडूंनी स्वतः केलेले बदल) करायची साधनं नाहीत: जून २०२४ मध्ये क्रिएशन किट आलं.

— ग्रहावर पायपीट: ऑगस्ट २०२४ मध्ये रेव्ह-८ ही गाडी आली.

— शॅटर्ड स्पेस हा विस्तार ३० सप्टेंबर २०२४ चा. त्याचे रिव्ह्यू वेगळ्या पानावर असतात आणि तिथली नाराजी मूळ गेमच्या खात्यात मांडायची नाही.

याउलट २०२४ अखेरपर्यंतच्या अपडेटांनी ज्यांना फारसा हात लावला नाही, त्या तक्रारी नीट वाचा. लोडिंगचे पडदे ही पहिली. यानात बसताना, उडताना, ग्रॅव्ह जंप (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप) करताना, उतरताना दृश्य तुटतं. जमिनीवरून उडून सलग अंतराळात जाता येत नाही. दुसरी म्हणजे ठिकाणांची पुनरावृत्ती. हजाराहून अधिक ग्रह आहेत, पण त्यांवरचे तळ आणि प्रयोगशाळा ठरावीक साच्यांतून येतात, त्यामुळे तीच खोली आणि त्याच टेबलावरची तीच चिठ्ठी दुसऱ्या सूर्यमालेत पुन्हा भेटते. तिसरी तक्रार लेखनाच्या सौम्यपणाची, विशेषतः कॉन्स्टेलेशन या शोधकांच्या गटाच्या मुख्य कथेत. ही तिन्ही मतं पहिल्या दिवसापासून टिकून आहेत, म्हणजे ती गेमच्या हाडात आहेत. नंतर आलेल्या अपडेटांच्या नोंदी वाचताना या तिन्हींतलं काय बदललं एवढंच शोधा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालतं.

सायबरपंकच्या बाबतीत तर तारीख न बघता मत वाचणं निव्वळ वेळेचा अपव्यय. १० डिसेंबर २०२० ला तो इतक्या मोडक्या अवस्थेत आला की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्येच परत ठेवला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने कौशल्यांची झाडं, पोलीस, सायबरवेअर सगळं नव्याने बांधलं. त्याआधीच्या रिव्ह्यूंतून फक्त कथा आणि पात्रांबद्दलची मतं उचला. मास इफेक्ट ३ च्या शेवटावरचा मार्च २०१२ चा संतापही तसाच. जूनमध्ये एक्स्टेंडेड कट फुकट आला आणि आज तिन्ही गेमांच्या लेजेंडरी एडिशन या संचात तोच वाढवलेला शेवट मिळतो. जुनी भांडणं वाचाल तर शेवट फुटेल, हाती काही लागणार नाही.

मशीन: तुमचं आणि रिव्ह्यूवाल्याचं

गेम अडखळतो असं लिहिणाऱ्याने ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क सांगितली नसेल तर तो रिव्ह्यू सोडून द्या. स्टारफील्डची किमान गरज आहे जीटीएक्स १०७० टीआय किंवा आरएक्स ५७००, १६ जीबी रॅम, १२५ जीबी जागा आणि एसएसडी. शिफारस आरटीएक्स २०८० किंवा आरएक्स ६८०० एक्सटीची. आपल्याकडच्या असंख्य लॅपटॉपांत असलेलं जीटीएक्स १६५० या किमान रेषेच्याही खाली आहे. त्या लॅपटॉपवरून लिहिलेला वाईट रिव्ह्यू त्या मालकाच्या दृष्टीने खरा, पण तुमच्याकडे आरटीएक्स ३०६० असेल तर तुमच्या उपयोगाचा नाही.

एसएसडीची अट कागदावरची नाही. हार्ड डिस्कवर टाकलं की आवाज पुढे आणि ओठ मागे, दार उघडल्यावर क्षणभर सगळं थिजणं, हे होतंच, कारण गेम चालता चालता डिस्कवरून माल ओढत असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एसएसडी घ्यायला जाण्यापूर्वी मदरबोर्ड किंवा लॅपटॉपचं मॉडेल लिहून न्या. एम.२ खाच (एसएसडी बसवायची जागा) वेगवान एनव्हीएमई प्रकार घेते की फक्त संथ साटा, आणि २२८० (८० मिमी) लांबी बसते का, हे दुकानात विचारण्यापेक्षा निर्मात्याच्या साइटवर घरीच पाहिलेलं बरं. ५०० जीबीत विंडोज, स्टारफील्ड आणि आणखी एक मोठा गेम बसला की ड्राइव्ह गच्च होते आणि लिहिण्याचा वेग पडतो. शक्य असेल तर १ टीबीच घ्या. पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवाच, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हेलपाटे.

मुंबईचा म्हणून एक घटक परदेशी रिव्ह्यूंत कधीच नसतो, तो म्हणजे खोलीचं तापमान. २० अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे मे महिन्यातल्या ३३ अंशांच्या खोलीत तसेच येत नाहीत. खोली जितकी गरम, जवळजवळ तितकंच कार्डही वर चढतं, आणि मर्यादा आली की ते स्वतःचा वेग उतरवतं. कॅबिनेट भिंतीला टेकवून किंवा टेबलाच्या बंद खणात ठेवलेलं असेल तर लवकरच. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांचा एफपीएस हा पुरावा नव्हे. चाळीस मिनिटांनंतरचा आकडा धरा.

डाउनलोडचं गणित सोपं आहे. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १२५ जीबीला पावणेतीन तासांच्या आसपास, ४० वर सात तास. फोनच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दोन जीबीने उतरवायचा विचार असेल तर दोन महिने लागतील. पेनड्राइव्हवाला मित्र शोधा.

तासांचा आकडा

स्टीमच्या रिव्ह्यूवर एकूण तास आणि रिव्ह्यू लिहिला तेव्हाचे तास वेगळे दिसतात. दुसरा आकडा महत्त्वाचा. तासांची चाळणी लावून तीन थरांतले पाच-सात रिव्ह्यू वाचले की पुरतं.

दोन तासांखालचे रिव्ह्यू फक्त तांत्रिक बाबींसाठी: चालू होतो का, क्रॅश होतो का, कंट्रोलर धरतो का. दहा ते तीस तासांचे सगळ्यांत कामाचे. या टप्प्यावर युनायटेड कॉलनीज या सत्तेच्या व्हॅनगार्ड दलाची कथा किंवा क्रिमसन फ्लीट या चाच्यांच्या टोळीतली हेरगिरी खेळून झालेली असते, जिची तारीफ गेमवर चिडलेलेही करतात. लोडिंगचा वैतागही इथवर ठरलेला असतो. शंभराच्या पुढचे रिव्ह्यू वाचताना जपून. इतके तास खेळून नापसंती लिहिणारा माणूस बहुधा साच्यातल्या तळांना कंटाळलेला असतो. तुम्ही चाळीस तासांत कथा संपवून बाजूला ठेवणार असाल तर त्याचा कंटाळा तुमच्या वाट्याला येणारच नाही.

यानाच्या बांधणीबद्दलची मतं तपासताना तर तास हवेतच. पायलटिंग कौशल्याच्या तिसऱ्या पायरीला बी वर्गाची यानं उघडतात, चौथीला सी वर्गाची. आठ तास खेळून बांधणी उथळ आहे म्हणणाऱ्याने अर्धे भाग पाहिलेलेच नसतात.

आणि बारा तासांनंतर गेम खुलतो, हे वाक्य फार ठिकाणी वाचाल. खोटं नाही, पण विरारहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्याला रात्री एखादा तास मिळतो. त्याच्यासाठी बारा तास म्हणजे जवळपास दोन आठवडे, आणि रिफंडची दोन तासांची मर्यादा त्याआधीच ओलांडलेली. ज्याला वेळच नाही त्याने द आउटर वर्ल्ड्स हा अंतराळातलाच गेम घ्यावा हे आमचं सरळ मत. तो आटोपशीर आहे आणि आटोपशीर असल्याची तक्रार करणारेच त्याची उत्तम जाहिरात करतात.

दोन तासांत स्वतः तपासणं

स्टीमचा नियम असा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळाचा वेळ दोन तासांखाली असेल तर पैसे परत. डाउनलोडचा वेळ यात धरत नाहीत. पण मेन्यूवर उघडा ठेवलेला, मागे मिनिमाइझ केलेला, पॉज करून जेवायला गेलेला वेळ धरतात. महागडी आवृत्ती घेऊन आगाऊ खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून मोजला जातो. म्हणून:

१. गेम उघडण्याआधी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करा, स्टीमचं एफपीएस दाखवणारं सेटिंग चालू करा, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद.

२. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना थांबावं लागतं. तो वेळही मोजला जातो, पण घाईने सुरू केलंत तर पुढचे झटके गेमचे की शेडरचे हे कळणार नाही.

३. चेहरा घडवण्यात अर्धा तास घालवू नका. तयार चेहरा, कुठलीही पार्श्वभूमी, पुढे चला.

४. खाणीतल्या सुरुवातीवरून वेग ठरवू नका. बंद जागा हलक्या असतात. क्रीट या चंद्रावरची लढाई उरका आणि न्यू अटलांटिस गाठा. रेंगाळला नाहीत तर तासाभरात, फार तर दीड तासात पोचता. हे शहर प्रोसेसरला दमवतं. तिथे पाच मिनिटं पळा. इथे एफपीएस कोसळला आणि ग्राफिक्स कमी करूनही वर आला नाही तर अडचण प्रोसेसरची आहे. नवं कार्ड आणून उपयोग नाही.

५. यानातून एकदा दुसऱ्या ग्रहावर जाऊन परत या. त्या फेरीतले पडदे सहन झाले नाहीत तर पुढेही होणार नाहीत. याबाबत सवय होईल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

६. एक तास पन्नास मिनिटांना गेम पूर्ण बंद करा आणि निर्णय घ्या.

परतीचे पैसे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने येतात. त्या मार्गावर परतावा शक्य नसेल तर स्टीम वॉलेटमध्ये जमा होतात. एक्सबॉक्स गेम पासवर हा गेम पहिल्या दिवसापासून होता, तेव्हा यादीत आजही आहे ना ते पाहून महिनाभराची वर्गणी हा दुसरा रस्ता. त्यात बारा तासांची अटही पुरी होते.

तुमचं मत लिहिताना

पहिल्या ओळीत कार्ड, प्रोसेसर, रॅम, रिझोल्यूशन आणि गेमची आवृत्ती. दुसऱ्या ओळीत किती तास आणि कुठल्या कथा खेळून झाल्या. मग तक्रार, नेमक्या ठिकाणासह: अकिला सिटीत संध्याकाळी एफपीएस इतका पडतो, असं. शेवट फोडणारा मजकूर स्टीमच्या स्पॉयलर टॅगमध्ये झाका. मोठं अपडेट आलं की जुनाच रिव्ह्यू दुरुस्त करा आणि वर दुरुस्तीची तारीख घाला. स्टीम एका गेमला एकच रिव्ह्यू देतं, त्यामुळे जुनं वाक्य पुसून टाकण्यापेक्षा ते ठेवून खाली नवं जोडलंत तर काय सुधारलं ते वाचणाऱ्याला दिसतं.