ऐरोलीला बस कधी पोचणार? पट्टा काढून ठिपके लावले
घोडबंदर रोडवरून ऐरोलीला येणाऱ्या ऑफिस बस किती वाजता पोचते त्याचा चार्ट आमच्याकडे होता, मधे सरासरीची रेघ आणि भोवती ९५ टक्क्यांचा राखाडी पट्टा, म्हणजे १०० पैकी ९५ वेळा बस ज्या वेळांच्या दरम्यान पोचते तो भाग. बहुतेक जण फक्त रेघ बघायचे, आणि जे पट्टा बघायचे त्यांना वाटायचं की त्यातली प्रत्येक वेळ सारखीच शक्य आहे, जे अजिबात खरं नाही, कडेला शक्यता खूप कमी असते.

मग क्वांटाइल डॉटप्लॉट केला, म्हणजे पट्ट्याऐवजी सारख्या शक्यतेच्या ठिपक्यांचा चार्ट. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बसच्या वेळांसाठीच हा प्रकार तपासला होता. एक्सेलमधे परसेंटाइल फंक्शनला (किती टक्के वेळा बस कधीपर्यंत पोचते ते सांगणारं) आधीच्या फेऱ्यांच्या पोचण्याच्या वेळा आणि ०.०२५, ०.०७५, ०.१२५ असं करत ०.९७५ पर्यंत द्यायचं, २० आकडे मिळतात, ते दोन-दोन मिनिटांच्या गटात टाकून ठिपके एकावर एक रचायचे, झालं. एक ठिपका म्हणजे २० पैकी १ शक्यता.

आता लोक खरंच ठिपके मोजतात, "नऊनंतर तीनच आहेत, चालेल" म्हणतात, आणि ज्याची मीटिंग महत्त्वाची तो आधीची बस पकडतो. मला हे फार आवडलं, कारण निर्णय ज्याचा त्याने घेतला.

पावसाळ्याचा चार्ट मात्र वेगळा काढा, जून ते सप्टेंबरचा डेटा बाकीच्यात मिसळू नका.