जलोदराचं टॅपिंग: डीएम गॅस्ट्रोच्या पहिल्या वर्षात या चुका टाळा

एमडी मेडिसिन करून डीएमला, म्हणजे पोट आणि यकृताच्या आजारांच्या पुढच्या शिक्षणाला, आलेल्या रेसिडेंटचा हात टॅपिंगला, म्हणजे पोटात साठलेलं पाणी सुईने काढायला, सरावलेला असतो. सुई टोचताना फारसं चुकत नाही. चुकतं ते सुईच्या आधी आणि नंतर, आणि त्यात सिरॉसिसच्या (यकृत निबर झालेल्या) पेशंटची किडनी जाते, कधी जीवही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे थांबणं. ‘ताप नाही, पोट दुखत नाही, सकाळी बघू.’ एसबीपी, म्हणजे पोटातल्या पाण्याचा आपोआप होणारा जिवाणूसंसर्ग, कित्येकदा फक्त वाढलेल्या क्रिएटिनिनमधून (किडनीच्या कामाची रक्तचाचणी) किंवा पेशंटच्या असंबद्ध बोलण्यातून कळतो. म्हणून जलोदर असलेला सिरॉसिसचा पेशंट कुठल्याही कारणाने भरती झाला, तरी पहिल्या १२ तासांत आणि अँटिबायोटिकच्या आधी तपासणीपुरतं पाणी काढा. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) २ आहे म्हणून प्लाझ्मा चढवत बसू नका. सिरॉसिसमध्ये आयएनआरवरून रक्तस्रावाचा अंदाज येत नाही. डीआयसी, म्हणजे शरीरभर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडणं, उघड दिसत असेल तर मात्र थांबा.

जागा डावीकडची: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून ३ सेंमी वर आणि ३ सेंमी आत. पोटाच्या मधल्या उभ्या रेक्टस स्नायूच्या कडेने धमनी जाते, ती आणि जुने व्रण टाळा. सोनोग्राफी हाताशी असेल तर पाहूनच टोचा. त्वचा थोडी ओढून सुई घातली की नंतर पाणी झिरपत नाही.

आता सॅम्पल. निम्मे घोटाळे इथे होतात. पाणी साध्या बाटलीतून कल्चरला पाठवलं की जंतू निम्म्याच वेळा उगवतात. बेडपाशीच ब्लड कल्चरच्या बाटल्यांत प्रत्येकी १० मिली घाला, उगवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं. पेशी मोजायला ईडीटीएची (गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या झाकणाची ट्यूब वापरा, नाहीतर पाणी गोठतं आणि आकडा खोटा येतो. रक्तातलं अल्ब्युमिन त्याच दिवशी पाठवा. मागच्या आठवड्याचा आकडा घेऊन काढलेला साग (एसएएजी, म्हणजे रक्तातल्या आणि पोटातल्या पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) निरुपयोगी आहे. साग १.१ किंवा जास्त असेल तर पोर्टल हायपरटेन्शन, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला वाढलेला दाब. त्याहून कमी असेल तर आपल्याकडे आधी टीबीचा विचार करा आणि एडीए ही पाण्यातली टीबीची चाचणी पाठवा.

रिपोर्ट वाचताना एकूण पेशींवर नजर अडकते. बघायच्या असतात पॉलिमॉर्फ, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. एकूण १२०० आणि पॉलिमॉर्फ ४० टक्के, म्हणजे ४८०. ही संख्या २५० किंवा जास्त असेल तर कल्चरची वाट न बघता उपचार सुरू करा. टॅप रक्तमिश्रित असेल तर दर २५० लाल पेशींमागे एक पॉलिमॉर्फ वजा करा.

एसबीपीत नुसतं अँटिबायोटिक देऊन भागत नाही. पहिल्या ६ तासांत किलोमागे १.५ ग्रॅम अल्ब्युमिन आणि तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम द्यायचं असतं. ६० किलोच्या पेशंटला पहिल्या दिवशी ९० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या साडेचार बाटल्या. सेफोटॅक्सिम किंवा सेफ्ट्रियाक्सोन घराहून आलेल्या पेशंटसाठी ठीक, पण संसर्ग वॉर्डात झालेला असेल तर आपल्या हॉस्पिटलचा अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं त्याचा तक्ता) बघून जास्त ताकदीचं औषध निवडा. ४८ तासांनी पुन्हा टॅप करा. पॉलिमॉर्फ २५ टक्केही उतरले नसतील तर जंतू औषधाला दाद देत नाही किंवा आतडं फुटलंय. पाण्यातली साखर ५० च्या खाली किंवा कल्चरमध्ये एकाहून जास्त जंतू असतील तर सीटी करा आणि सर्जनला बोलवा.

५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढताना लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन लागतं. ८ लिटरला साधारण तीन बाटल्या. औषध महाग आहे, म्हणून टॅप सुरू करण्याआधी नातेवाइकांशी बोला आणि बाटल्या वॉर्डात आल्याची खात्री करा. ८ लिटर निघून गेल्यावर धावपळ झाली, तर तोवर रक्तदाब पडतो आणि दोन दिवसांत क्रिएटिनिन चढतं.