ईव्हीची बॅटरी: ८० टक्क्यांचा नियम पाळूनही होणाऱ्या चुका

‘इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच चार्ज करा’ हा नियम आता प्रत्येक ईव्हीवाल्याच्या तोंडी आहे. तो कोणत्या बॅटरीला लागू आणि का, हे विचारलं की मात्र गाडी अडते. बहुतेक चुका तिथेच होतात. गाडीत चार्जिंगची लिमिट एकदा लावली, काम झालं असं समजून बाकीच्या गोष्टी सोडून दिल्या जातात.

बॅटरी थकते कशी, ते थोडक्यात सांगतो. लिथियम-आयन सेल जितका भरलेला, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त आणि आतल्या द्रावणाच्या नको त्या रासायनिक क्रियाही तितक्याच जास्त. या क्रियांमुळे ऋण टोकावरचा थर हळूहळू जाड होतो आणि त्यात कामाचं लिथियम कायमचं अडकून पडतं. उष्णतेत हा वेग आणखी वाढतो. म्हणजे नुकसान ठरतं ते सेल किती भरलेला, किती गरम आणि अशा अवस्थेत किती तास पडून, या तिन्ही गोष्टींवर. शंभर टक्के करून अर्ध्या तासात निघालात तर फारसं बिघडत नाही. शंभर टक्के करून गाडी चार दिवस उन्हात उभी ठेवलीत, तर बिघडतं.

बॅटरीची जात न बघता लिमिट लावणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी किंवा एनसीए. आणि लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी. निकेलवाला सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि ८० टक्क्यांना सुमारे ४ व्होल्ट. या वरच्या पट्ट्यातच त्याला त्रास होतो, म्हणून रोजच्या वापराला ७० ते ८० टक्के आणि लांबच्या प्रवासाआधी १०० हा हिशोब त्याला बरोबर बसतो.

एलएफपीचं गणित वेगळं. त्याचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान जवळजवळ सपाट असतं, फरक जेमतेम ०.१ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी किती भरली आहे, हे गाडीच्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीमला, म्हणजे बीएमएसला कळत नाही. आत किती करंट गेला, बाहेर किती आला, याची ती बेरीज-वजाबाकी करत राहते आणि रोजची बारीक चूक साचत जाते. महिनोन्‌महिने ८० वरच थांबवलेल्या एलएफपी गाडीत मग असं होतं: पडद्यावर १४ टक्के दिसत असतात, एक चढ लागतो आणि आकडा थेट ५ वर येतो. बॅटरी खराब झालेली नसते, मोजमाप घसरलेलं असतं.

म्हणून एलएफपीवाल्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ठरावीक दिवसांनी १०० टक्के करा, असं सांगितलेलं असतं. कुठे आठवड्यातून एकदा, कुठे महिन्यातून एकदा. ते पाळायचंच. याचा अर्थ एलएफपीला भरलेलं राहणं आवडतं असा नाही. ती सूचना मोजमापासाठी आहे. मधल्या दिवसांत ८०-९० वर थांबवायला हरकत नाही. तुमची बॅटरी कोणती, ते मॅन्युअलमध्ये किंवा तपशीलपत्रकात असतं. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये दोन वेगळ्या जाती असू शकतात, तेव्हा शेजाऱ्याची गाडी बघून ठरवू नका.

घसरलेलं मोजमाप सुधारायचं असेल तर

गाडी चालवत १५-२० टक्क्यांपर्यंत उतरवा. दोन-तीन तास उभी राहू द्या. मग डीसीवर, म्हणजे बाहेरच्या फास्ट चार्जरवर नाही, घरच्या एसी चार्जरवर सलग १०० टक्के करा. १०० दिसल्यावर लगेच गन (गाडीत लावायचा चार्जरचा प्लग) काढू नका, आणखी तास-दोन तास लावून ठेवा. बहुतेक गाड्यांत सेलचं बॅलन्सिंग याच टप्प्यात होतं: जे सेल पुढे गेले आहेत त्यांची थोडी वीज रोधातून जाळून मागे पडलेल्यांना गाठू दिलं जातं. हा करंट फार लहान असतो, त्यामुळे वेळ लागतो. ‘९९ वर येऊन अडकली’ अशी तक्रार असते ती बहुधा हीच. चार्जर बिघडलेला नाही, थांबा.

यानंतर गाडी तशीच भरलेली ठेवू नका, त्याच दिवशी थोडी फिरवून आणा.

संध्याकाळी प्लग, मध्यरात्री फुल, सकाळपर्यंत तशीच

निकेलवाल्या बॅटरीवर रोज हा प्रकार झाला, तर दररोज सात-आठ तास ती काठोकाठ भरून बसते. त्यावरचा उपाय गाडीतच असतो. निघण्याची वेळ भरा आणि चार्जिंग त्या वेळेच्या जरा आधी संपेल असं शेड्यूल लावा.

गाडीत लिमिटची सोयच नसेल, तर साधा हिशोब पुरतो. समजा वापरता येणारी क्षमता ४० युनिट आहे, म्हणजे ४० किलोवॅट-तास. तुम्हाला ३० वरून ८० टक्क्यांवर जायचं आहे. म्हणजे निम्मी बॅटरी, २० युनिट. ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगमध्ये नुकसान वजा जाता बॅटरीत साधारण ३ किलोवॅट पोचतात. २० भागिले ३, म्हणजे पावणेसात तास. टायमर सहा तासांचा लावा आणि पहिले दोन-तीन दिवस सकाळी आकडा बघून वेळ कमी-जास्त करा.

लिमिट लावूनही गाडी शंभरावर जाते, अशी तक्रार असेल तर आधी तीन गोष्टी बघा. एक, लिमिट गाडीत लावली आहे की फक्त चार्जरच्या ॲपमध्ये; दोन्हीकडे वेगवेगळे आकडे असले की गोंधळ होतो. दोन, काही गाड्यांत लिमिट ठिकाणानुसार साठवली जाते, घरी ८० आणि बाकी सगळीकडे १००. तीन, सॉफ्टवेअर अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर गेलं आहे का.

उलट्या टोकाची चूक

शंभराचा धसका घेतलेली मंडळीही कमी नाहीत. लांबच्या प्रवासाला ८० वर निघायचं आणि वाटेत ३ टक्क्यांवर घाम फुटायचा, यात बॅटरीचं काहीच भलं नाही. बॅटरी पॅकमधला सगळ्यात अशक्त सेल आधी तळाला जातो, आणि गाडी थांबते ती त्याच्यामुळे. रोजच्या वापरात १०-१५ टक्क्यांच्या खाली जायचं टाळलेलं बरं. तरी ५ टक्क्यांवर घरी पोचलात तर घाबरू नका, लगेच चार्जिंगला लावा म्हणजे झालं. तळाशी रात्रभर ठेवणं वाईट.

रोज थोडं थोडं चार्ज केल्याने ‘सायकल वाया जातात’, हाही जुन्या बॅटऱ्यांचा समज. लिथियम-आयनमध्ये मेमरी इफेक्टची, म्हणजे अर्धवट चार्जिंगमुळे क्षमता घटण्याची चिंता नसते. ६० वरून ८० असं पाच वेळा केलं की मिळून एक पूर्ण सायकल होते, आणि उथळ चक्रं सेलला खोल चक्रांपेक्षा हलकी जातात. रोज प्लग लावा.

१०० टक्क्यांवर निघालात की सुरुवातीला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे वेग कमी होताना वीज बॅटरीत परत पाठवणारं ब्रेकिंग, कमी मिळतं किंवा मिळतच नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. उतार लागण्याआधी ब्रेकवरचा पाय तयार हवा.

गरम बॅटरीवर चार्जिंग, गार बॅटरीवर घाई

महामार्गावरून तापून आलेली गाडी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावणं, विशेषतः पॅक फक्त हवेने थंड होत असेल तर, टाळावं. तास-दीड तास थांबा, किंवा शेड्यूल मध्यरात्रीनंतरचं ठेवा. लिक्विड कूलिंगवाल्या गाडीत इतकं जपावं लागत नाही. तिथे प्लग लावलेला असला तर कूलिंगची वीज बाहेरून घेता येते.

थंडीत उलट करायचं. शून्य अंशाच्या खाली सेलमध्ये जोरात करंट ढकलला, तर लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं आणि हे नुकसान भरून येत नाही. बीएमएस त्यापासून वाचवते, म्हणूनच गार गाडी फास्ट चार्जरवर रडतखडत चार्ज होते. चार्जर खराब आहे म्हणून दुसरा शोधण्यापेक्षा नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशन हेच मुक्काम म्हणून टाका; ज्या गाड्यांत सोय आहे त्या वाटेतच बॅटरी गरम करून घेतात. घरी असाल तर फेरी मारून आल्यावर, बॅटरी कोमट असतानाच गन लावा.

डीसी फास्ट चार्जिंगची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे, असं आमचं मत. प्रवासात बिनधास्त वापरा. ८० च्या पुढे वेग इतका मंदावतो की तिथे बसून राहण्यात वेळच जातो, पुढच्या थांब्याला पुन्हा लावणं परवडतं. टाळायचं ते इतकंच: घरी सोय असताना रोज डीसीवर, आणि तेही भर दुपारी तापलेल्या पॅकवर.

सॉकेट तापणं, चार्जिंग मध्येच बंद पडणं

घरातला साधा सॉकेट मिक्सर किंवा इस्त्रीसारख्या थोड्या वेळाच्या लोडसाठी ठीक असतो. गाडी सात-आठ तास सलग ओढते. मागचा स्क्रू किंचित जरी सैल असला तरी तिथे उष्णता तयार होते, प्लॅस्टिक तपकिरी पडतं, आणि प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असेल तर चार्जर स्वतःच थांबतो. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या.

दोष गाडीत की वायरिंगमध्ये, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. गाडीच्या मेनूत करंट १६ अँपिअरवरून १० वर आणा. आता रात्रभर न थांबता चालली, तर संशय वायरिंगवर, सैल जोडणीवर किंवा लोडखाली पडणाऱ्या व्होल्टेजवर. १० वरही सुरू होताक्षणी बंद होत असेल तर आधी अर्थिंग तपासा. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. गुंडाळी तशीच ठेवून वापरलेली वायर तर शेगडीच होते. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेल्यास पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळल्यास पडणारा स्विच), एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

रेंज घटली म्हणजे बॅटरी गेली?

पडद्यावरची रेंज हा अंदाज असतो, तुमच्या अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला. चार दिवस एसी लावून वेगात गेलात की आकडा पडतो. टायरमधली हवा कमी असली तरी पडतो. बॅटरीची तब्येत बघायची असेल तर टक्के आणि युनिट बघा. ट्रिप मीटर शून्य करा आणि एकाच सलग प्रवासात ९० वरून ३० पर्यंत या. समजा मीटरवर २१ युनिट खर्च दिसला. ६० टक्क्यांत २१, म्हणजे पूर्ण बॅटरीत ३५. नवी असताना वापरता येणारी क्षमता ३८ असेल, तर ९२ टक्के शिल्लक. साधारण सारख्या हवामानात दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. घरच्या वीजमीटरचे युनिट या हिशोबात धरू नका, त्यात चार्जिंगमधलं साधारण १० ते १५ टक्के नुकसान मिसळलेलं असतं.

पहिल्या वर्षा-दीड वर्षात क्षमता जरा झपाट्याने उतरते, मग वेग मंदावतो. तो पहिला उतार बघून सर्व्हिस सेंटर गाठायची गरज नाही. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के क्षमता अशी असते. अट आपल्या पुस्तिकेत वाचा आणि वरचं मोजमाप वर्षातून एकदा तारखेसह लिहून ठेवा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल

मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत लावा. पाळतीचे कॅमेरे बंद करा. ॲप उघडून सारखं ‘किती टक्के आहे’ बघू नका, दर वेळी गाडी जागी होते. खरा धोका असतो तो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला. ती बसली की मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, जुळतच नाहीत, आणि मुख्य बॅटरीत भरपूर चार्ज असूनही गाडी ढिम्म हलत नाही, कित्येकदा दारही उघडत नाही. जाण्याआधी तिला छोटा मेंटेनर चार्जर (चार्ज टिकवून ठेवणारा) लावता आला तर उत्तम. नाहीतर रिमोटमध्ये दडवलेली साधी किल्ली कुठून निघते आणि १२ व्होल्टला बाहेरून जोडायची टोकं बॉनेटखाली कुठे आहेत, हे मॅन्युअल उघडून आधीच बघून ठेवा. आणि ते मॅन्युअल गाडीच्या आत बंद करून जाऊ नका.