बजेटमधला एसएमपीएस घेताना काय बघायचं

भावा, कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात गेलास की खोक्यावरचा मोठा ५०० वॅटचा आकडा सोड, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, हातात घे आणि बाजूचं स्टिकर वाच. +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात, त्याला १२ नं गुण, ३६ असतील तर ४३२ वॅट झाले, म्हणजे ४५० चा माल खरा हाय, आणि १८ च निघाले तर २१६ वॅट, मग वर ५०० छापू देत नायतर हजार. ८० प्लस ब्राँझचा शिक्का असलेला बरा, पण त्यातनं वीज किती वाया जाते एवढंच कळतंय, आतल्या मालाची गॅरंटी न्हाई. वॉरंटी ३ वर्षांच्या खाली घेऊच नको, ५ असली तर लई भारी. ग्राफिक कार्ड नसलं तर ४५० बास. आणि कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो? दुकानातच ठेवून ये.