‘प्रोटीन निल’ बघून निर्धास्त होताय? या चुका टाळा

वीसेक वर्षं लॅबच्या खिडकीशी बसून लघवीच्या डब्या घेतोय. माणसं नवी, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मधुमेह असताना नुसतं ‘युरीन रूटीन’ करून घेणं. त्यात लघवीत बुडवायची पट्टी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, लघवीत बरंच वाढल्याशिवाय रंग बदलत नाही. किडनीला इजा व्हायला लागते तेव्हा ते जेमतेम झिरपत असतं. तेवढं पकडायला एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर लागतं.

एक काका दरवर्षी यायचे. प्रत्येक रिपोर्टला प्लास्टिकचं कव्हर, प्रत्येक ‘निल’वर निळ्या पेनाची टिक. अशा नऊ टिका. लघवी लगेच व्हावी म्हणून बाटलीभर पाणी पिऊन यायचे, त्यामुळे डबीत जवळजवळ पाणीच. पातळ लघवीत पट्टी आणखी फसते. क्रिएटिनिनही तेवढंच पातळ होतं, त्याने भागायचं ते याचसाठी. दहाव्या वर्षी नव्या डॉक्टरांनी एसीआर लिहून दिला. आला २४०. क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. काका फाईल उघडून म्हणाले, “मग हे सगळं काय होतं?” खिडकीतून काय सांगणार?

“पण रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे की!” हेही रोजचंच. किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते नॉर्मल दिसू शकतं.

आता उलटी जात: एक आकडा वाढला की घाबरणारे. सकाळी दहा किलोमीटर पळून, घामाघूम अवस्थेत डबी भरून देतात आणि संध्याकाळी रडवेल्या आवाजात फोन करतात. जोरदार व्यायाम, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, खूप वाढलेली साखर, यातल्या कशानेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. पाळीच्या दिवसांतही नमुना देऊ नये. मी तर आदल्या दिवशीचा व्यायाम विचारल्याशिवाय डबीच हातात देत नाही. लोक वैतागतात, वैतागू देत. आकडा वाढलेला आला तर तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने द्यायचे आणि त्यातले दोन वाढलेले निघाले तरच तो खरा धरायचा. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये धावणारे दोन रिपोर्टांची सरासरी काढून मला दाखवतात! सबुरी नावाची गोष्ट डबीबरोबर फुकट देता आली असती तर दिली असती.

बाकीचं थोडक्यात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, तोही मधल्या धारेचा. घरच्या पट्टीचा रंग दहा मिनिटांनी वाचू नका. वेळ पट्ट्यांच्या डबीवर छापलेली असते. एकक बघा: काही रिपोर्टांत मिलिमोलमागे मिलिग्रॅम असतात, तिथे ३ म्हणजे इथले साधारण ३०. टाइप २ मधुमेह असेल तर निदान होताच पहिला एसीआर करा, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, पुढे दरवर्षी.

आणि खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत नमुना आणू नका. धुतलेली असली तरी.