कॅलिफोर्नियातल्या काउंटीत प्रोबेशन ऑफिसर व्हायचंय? अर्ज भरायच्या आधी एक वही घ्या

काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि प्रोबेशन ऑफिसर म्हणजे कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या लोकांवर लक्ष ठेवणारा, त्यांना मदत करणारा माणूस. जे मी पहिल्या वेळी केलं नाही ते आधी सांगते, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. तुम्ही आजवर केलेली प्रत्येक नोकरी आणि राहिलेला प्रत्येक पत्ता, कुठल्या महिन्यात सुरू झाला, कुठल्या महिन्यात संपला, हे सगळं एका वहीत उतरवून काढा. अर्ज करायच्या आधी. बॅकग्राउंड तपासणीच्या फॉर्मांचं पॅकेट हातात पडल्यावर नाही, आधी.

कॉलेजात असताना मी एका मॉलमधल्या दुकानात तीन आठवडे काम केलं, परीक्षा जवळ आल्या आणि न सांगताच जायची बंद झाले. फॉर्म भरताना वाटलं, तीन आठवड्यांचं काय लिहायचं. पण त्याच्या दोन वर्षं आधी दुसऱ्या एका सरकारी नोकरीच्या अर्जात मी तीच नोकरी लिहिली होती, आणि तपास करणाऱ्या बाईंनी दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले. लेखी पास, इंटरव्ह्यूला चांगले मार्क, आणि तरी पत्र आलं की माहिती दिली नाही म्हणून अपात्र, वर्षभर परत अर्ज करता येणार नाही. न सांगता नोकरी सोडली म्हणून नाही हां. लिहिली नाही म्हणून. वर पुढच्या प्रत्येक फॉर्मात 'आधी कुठे अपात्र ठरलात का' हा रकाना असतोच, तोही भरावा लागतो.

मी कॅलिफोर्नियाचं सांगतेय, इथे 58 काउंटी आहेत आणि प्रोबेशन खातं प्रत्येक काउंटीचं आपलं आपलं (सॅन फ्रान्सिस्कोत तर मोठ्यांचं वेगळं, मुलांचं वेगळं), म्हणून जाहिरात पूर्ण वाचा, एकीचं दुसरीला लागू पडेल असं धरून चालू नका. सुरुवातीची पोस्ट बहुतेक ठिकाणी डेप्युटी प्रोबेशन ऑफिसर वन. डिग्री लागते. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची असेल तर तिचं इव्हॅल्युएशन (ती इथल्या डिग्रीच्या तोडीची आहे का याची तपासणी) करून घ्यावं लागतं, त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून जायला हवी, आणि तिथे खेटे घालायला कोणीतरी नातेवाईक लागतो, तेव्हा हे चार-पाच महिने आधी हलवा. सिटिझनशिपची अट राज्याच्या कायद्यातून 2023 पासून गेली, कायदेशीर काम करायची परवानगी हवी, पण काउंटी तुमच्यासाठी व्हिसा करेल अशा आशेवर बसू नका. लायसन्स, रेझ्युमे वगैरे ठीकच.

जन्माचा दाखला मात्र आत्ताच काढून बघा. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर कितीदा बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. सगळी नावं फॉर्मात लिहा, एकही गाळू नका.

लेखीला वाचून समजणं आणि नीट लिहिता येणं बघतात, जमतं. इंटरव्ह्यूला प्रोबेशन आणि पॅरोलमधला फरक विचारतात, आणि 'प्रोबेशन कोर्टाचं, पॅरोल तुरुंगातून सुटल्यावरचं' एवढ्यावर थांबलात तर अर्धवट उत्तर. ऑक्टोबर 2011 पासून राज्याच्या तुरुंगातून सुटणारे पुष्कळ लोक, ज्यांचा गुन्हा गंभीर किंवा हिंसक नव्हता ते, काउंटीच्याच देखरेखीखाली येतात. 2021 पासून बहुतेक केसेसमध्ये प्रोबेशनची मुदत किरकोळ गुन्ह्याला एक वर्ष आणि मोठ्याला दोन वर्षं, म्हणजे माणसाला घर, काम, व्यसनाचे उपचार मिळवून द्यायला तुमच्या हातात वेळ कमी. आणि जून 2023 अखेर राज्याचे मुलांसाठीचे तुरुंग बंद झाले, ती मुलंही आता काउंटीकडेच. हे माहीत असेल तर 'हे काम का करायचंय' याचंही उत्तर आपोआप चांगलं येतं. मला जॉन ऑगस्टसची गोष्ट आवडते, 1841 मध्ये बॉस्टनमधल्या या बूट बनवणाऱ्या माणसाने कोर्टात एका दारुड्याला स्वतःच्या जामिनावर सोडवलं आणि तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीत, सुधारलेला असा जजसमोर परत उभा केला. तिथून हे सगळं सुरू झालं. फक्त बंदूक आणि बॅज हवा असेल तर कृपा करून दुसरीकडे जा, हे लोक आपल्यावर अवलंबून असतात.

आता परत वही. पॅकेट पंचवीस-तीस पानांचं येतं आणि भरायला दिवस थोडेच देतात. आठवत नाही म्हणून सोडायचं नाही. अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या (आयआरएस) साइटवरून वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळते, मागच्या दहाएक वर्षांत ज्याने ज्याने तुम्हाला पगार दिला तो त्यात दिसतो, नाव अर्धं झाकलेलं असतं पण आठवायला पुरतं. माझी तीन आठवड्यांची नोकरी तिथे होती! दहा मिनिटांचं काम होतं आणि मी केलं नाही. डीएमव्हीकडून (लायसन्स देणारं खातं) गाडी चालवण्याचा दहा वर्षांचा रेकॉर्ड काढा, जुनं चलन असेल तर लिहा. पीजीत राहिलात, मामाकडे चार महिने काढलेत, लिहा. घरमालकाचं नाव, नंबर, आणि त्यांना आधीच फोन करून ठेवा की अमेरिकेतून कोणी विचारलं तर घाबरू नका, आहे ते सांगा. काढून टाकलं असेल तरी लिहा. दोन दिवसांची नोकरी असेल तरी लिहा. ट्रेनिंगला एक दिवस जाऊन परत गेला नाहीत, तेही लिहा. पूर्वी कुठल्या सरकारी खात्यात अर्ज केला असेल तर त्याची कॉपी मागवा आणि ओळ न ओळ ताडून बघा.

एवढं का डोकं खातेय? कारण उद्या तुमच्या रिपोर्टवर जज एखाद्याला जेलमध्ये पाठवायचं की घरी, हे ठरवणार. आणि 1963 च्या ब्रॅडी निकालापासून आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारी वकिलाला दडवता येत नाही, त्यात साक्ष देणारा ऑफिसर पूर्वी खोटं बोलला होता हेही येतं. असा ऑफिसर साक्षीला उभा करायला वकील कचरतात. म्हणून भरती करणाऱ्यांना चूक चालते, गाळलेलं चालत नाही.

पॉलिग्राफ (खोटं पकडायची चाचणी) काही ठिकाणी असते, वहीतलंच सांगा. फिंगरप्रिंट, मेडिकल, सायकॉलॉजिकल, सगळं होतं. सायकॉलॉजिकलला रात्रीची झोप घेऊन जा, शेकड्याने प्रश्न असतात. सगळं मिळून सहा-आठ महिने गेले माझे दुसऱ्या वेळी, हातातली नोकरी सोडू नका.

लागल्यावर अटक आणि झडतीचा कोर्स, कोर ट्रेनिंग पहिल्या वर्षातच पूर्ण करायचं. होम व्हिजिटची नोंद त्याच दिवशी टाका. चांगले बूट घ्या. आणि वही ठेवून द्या, दुसऱ्या काउंटीत गेलात की परत तोच फॉर्म येतो.